फाटलेलं रबर

"नवाकोरा फ्रिज, आणि दूध नासतंय!" हेमांगीने मेकॅनिकला सुनावलं.

फ्रिज माणसाचा हात ओळखूनच उघडायचा. मधुमेही सासरे, अप्पा, चोरून आम्रखंड खातात म्हणून तिने महिन्यापूर्वी त्यांचा हात यादीतून काढून टाकला होता.

मेकॅनिकने दारात कागदाचा तुकडा अडकवून ओढला. तो अलगद निसटला.

"रबर फाटलंय, ताई. गारवा बाहेर जातोय. कुणीतरी दार उचकटतंय." त्याने फ्रिजची नोंद वाचली. "रोज दुपारी एक वाजता. आधी हात लावून बघतात, मग उचकटतात."

"म्हातारपणी जिभेचे चोचले!" ती आतल्या खोलीकडे बघत कडाडली.

"नोंदीत तर आम्रखंडाचा डबा हललेलाही नाही. दारातल्या कप्प्यातली ती छोटी बाटली तेवढी रोज बाहेर येते."

हेमांगीने कप्पा पाहिला. इन्शुलिन. अप्पांचं, दुपारच्या जेवणाआधीचं. त्या वेळी ती ऑफिसात असायची.

अप्पा हातात उलथनं घेऊन उंबऱ्याशी उभे होते.

"तू आधीच चिडलेली होतीस, म्हणून सांगवलं नाही," ते म्हणाले. "नवा फ्रिज बिघडवला गं तुझा."