मधला स्विच

रविवारी नेटवर्कवाल्याने हॉस्पिटलचा सर्व्हर आणि स्कॅन साठवणारं यंत्र, दोन्हींना डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवायला लावलं, काम धावेल म्हणून. सोमवारी सकाळी पेशंटची नावं दिसली, स्कॅन मात्र उघडेनात. "अहो, बाळाला भूल द्यायचीय! हृदयातलं छिद्र केवढं ते बघितल्याशिवाय हात लावणार नाही," सर्जनबाई दारातून कडाडल्या. "डिस्क गेली म्हणा, साहेब," डिस्क पुरवणारा विक्रेता नेटवर्कवाल्याच्या कानाशी लागला, "नवी देतो, तुमचं नाव कुठेच येणार नाही. ऑपरेशन काय, उद्या होईल." नेटवर्कवाल्याला मोह झालाच. तरी त्याने छोटा तुकडा पाठवून पाहिला, पोहोचला. मोठा वाटेतच अडकला. डिस्क ठणठणीत होती. दोन्हींना जोडणाऱ्या स्विचची, म्हणजे डेटा पुढे पाठवणाऱ्या मधल्या डब्याची, सेटिंग मोठ्या तुकड्यांसाठी बदलायला तोच विसरला होता. "बाई, घोळ माझाच. दोन मिनिटं द्या." स्विचची मर्यादा वाढवताच पडद्यावर अक्रोडाएवढं हृदय उमटलं. बाईंनी चष्मा सावरला. "एवढंसंच छिद्र? आत्ता शिवते."