डाळिंबाच्या वाट्याचं पाणी

डाळिंबाच्या झाडाने माना टाकल्या होत्या आणि तपासणी परवावर आली होती. हेडमास्तरांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि घंटामावशीला हाक मारली.

मावशी शाळेची शिपाई. झाडलोट तीच करायची, घंटाही तीच द्यायची, म्हणून अख्खी शाळा तिला घंटामावशी म्हणायची. ती झाडू भिंतीला टेकवून आली. कशासाठी बोलावलंय ते तिला ठाऊक होतं, आणि आज मागे हटायचं नाही हेही ठरलेलं होतं. पाय मात्र रोजच्यापेक्षा हळू पडत होते. नोकरी पायांनाही कळते.

हेडमास्तर ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. त्यांची समजूत घालायची पद्धतच अशी की त्यापेक्षा ओरडलेलं परवडावं. सगळं आवार रखरखीत झालंय, साहेबांना दाखवायला हे एवढं एकच हिरवं झाड आहे, आणि ऐन वेळी मावशींनी त्याचं पाणी का तोडलं, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"मी कधी घालतच नव्हते, सर."

हेडमास्तर हसले. मागच्याच महिन्यात त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर मावशीचं कौतुक केलं होतं. दगड तापलेत, पण मावशींचा हात लागला की झाड तरारतं, असं म्हणाले होते. तेव्हा मावशी गप्प राहिली होती. फुकटचं कौतुक कुणाला कडू लागतं? त्या गप्प राहण्याची लाज तिला अजून जाळत होती. कारण नंतर चारच दिवसांनी, शाळा सुटल्यावर, तिने भिंतीआडून पाहिलं. सातवीच्या मुली एकेक करून येत होत्या, भरलेली बाटली झाडाच्या बुंध्याशी उपडी करत होत्या आणि रिकामी बाटली दप्तरात टाकून घरी जात होत्या.

"बाटली भरलेली परत नेली तर आई रागावते," मावशी सांगत होती. "आणि पाणी प्यायलं, तर दिवसभर जायचं कुठे?"

जायची जागा होती. वीस पावलांवर मुलींचं नवं कोरं स्वच्छतागृह होतं, पांढऱ्याशुभ्र फरशांचं. फक्त तपासणीपर्यंत ते तसंच पांढरं राहावं म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला कुलूप होतं. हत्तीचे दाखवायचे दात! आणि किल्ली मावशीच्याच कमरेला होती. लपूनछपून सगळं पाहिल्यावरही आणखी पंधरा दिवस ती किल्ली तिने तशीच मिरवली, हे तिला स्वतःला माफ करता येत नव्हतं.

"सोमवारी शेवटच्या तासाला सातवीतली ती चष्मेवाली कोसळली. तुम्ही म्हणालात, उपाशी आली असेल. डॉक्टर म्हणाले, पोरीच्या अंगात पाणीच नाही. तिचं दप्तर मी उचललं होतं, सर. बाटली काठोकाठ भरलेली होती. त्याच संध्याकाळी मी कुलूप काढलं."

हेडमास्तरांनी चटकन मान वळवली. स्वच्छतागृहाचं दार सताड उघडं होतं, उंबऱ्याशी पाण्याची बादली होती. सोमवारपासून ते उघडं होतं आणि त्यांच्या गावीही नव्हतं. झाड सुकलं तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं.

त्यांनी आवाज आणखी मऊ केला. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, तपासणी पार पडू दे, मग आपण बघू. मावशींना कायम करण्याचा कागद अजून आपल्याच टेबलावर आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मावशीला घरी बसलेला नवरा आठवला, त्याची औषधं आठवली.

"दिवसातून तीनदा धुते मी," ती म्हणाली. "डाग दिसला तर मला काढून टाका. पण माझ्या हाताने आता ते बंद होणार नाही."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि कुलूप, किल्लीसकट, हेडमास्तरांच्या हातावर ठेवलं.

"लावायचं तर तुम्ही लावा, सर. पण पोरींच्या देखत लावा."

एवढं बोलून ती वळली आणि घंटेकडे गेली. शाळा सुटायची वेळ झालीच होती. तिने टोल दिले, रोजच्यापेक्षा जरा जोरातच.

वर्ग भडाभडा रिकामे झाले. मुलींचा घोळका नळाला वळसा घालून, स्वच्छतागृहाच्या उघड्या दाराशी थांबून, हसत खिदळत फाटकाकडे निघाला. हेडमास्तर झाडापाशीच उभे होते. मुली जवळ आल्या तसा त्यांनी कुलूप धरलेला हात खिशात घातला.

चष्मेवाली सवयीने झाडाशी थांबली. तिने झाकण काढलं, सरांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाटली बुंध्याशी उपडी केली. एकदा झटकली, दोनदा झटकली.

एक थेंब पडला नाही.