उजवी बाजू

ब्राझीलहून आलेला वाल्दिर तेरा वर्षं एकाच जर्मन फुटबॉल क्लबची उजवी बाजू सांभाळत होता. गोल करणं हे त्याचं काम नव्हतं, होऊ न देणं हे होतं. सीझनआधीच्या सामन्यांसाठी टीम सिंगापूरला आली, आणि तिथल्या हॉटेलात नाश्ता झाल्यावर कोचने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हा सीझन संपला की करार वाढवणार नाही. वाल्दिर "बरं" म्हणाला आणि सरावाला गेला.

सरावानंतर सह्यांसाठी कुंपणाशी गर्दी झाली. जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर स्ट्रायकरचं नाव होतं. सिंगापूरच्याच यिशुन भागातून वडिलांबरोबर आलेल्या ओवीच्या पाठीवर मात्र वाल्दिरचं.

"माझं का?" त्याने विचारलं.

"बाबांनी घेतला हा टी-शर्ट. समोरची टीम तुमच्या बाजूने आली, की ते चहा टाकायला उठतात."

तिचे बाबा, अंकुर, ओशाळले. "ओवी, असं बोलतात का!" ते मराठीत पुटपुटले.

"इतका कंटाळवाणा खेळतो मी?" वाल्दिरने विचारलं.

"नो लाह!" ओवी सिंगापुरी ढंगात म्हणाली. "एरवी ते सोफ्यावरून हलतसुद्धा नाहीत. समोरचे तुमच्या बाजूने आले, की म्हणतात, आता काळजी नाही."

वाल्दिरने वाकून तिच्या पाठीवरच्या नावाखाली सही केली. मग टीममध्येही कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याने तिला सांगितली.

"पुढच्या वर्षीपासून बाबांना म्हणावं, चहा मॅचच्या आधीच करून ठेवा."