वाघाचा श्वास

अकाउंट्सच्या देवयानीला आम्ही आमच्या जंगल गेमचा व्हीआर हेडसेट घातला. थोड्या वेळात ती गर्रकन मागे वळली. माझ्या वाघाचा श्वास तिला थेट डाव्या खांद्यामागे ऐकू आला होता. गेमचे आवाज मी करतो, यूट्यूब बघून शिकलोय, आणि ह्या एका श्वासासाठी महिनाभर झटलो होतो.

मालक केयूर सर मात्र वैतागले. "अरे, तिने समोरचा धबधबा बघितलाच नाही. किती राबून बनवलाय आपण. आवाज पुढे आण."

"सर, पण वाघ मागून येतो."

"येऊ दे की. आवाज पुढून आला तर काय बिघडतं?"

मी श्वास पुढे आणला. मग जो खेळेल तो वाघाला धबधब्यात शोधत बसायचा आणि वाघ मागून येऊन त्याला फाडायचा. सगळे म्हणाले, हा गेम फसवतो.

आज सरांनी उपाय काढला. स्क्रीनवर मोठा लाल बाण, खाली 'मागे वाघ आहे'.

"भारी आहे ना?" त्यांनी मलाच विचारलं.

"भारी," मी म्हटलं. "आता क्रेडिट्समध्ये आवाजासाठी त्या बाणाचं नाव टाका. माझं काढा."