सैल पिळाची रायफल

"बोला दिनानाथराव, भेकरासाठी यातलं कुठलं?" चिंतामणीशेठने दोन काडतुसं टेबलावर उभी केली. एक आखूड, बोथट नाकाचं. दुसरं लांब, टोकदार, परदेशी, लखलखीत. शेजारी शेठच्या आजोबांची, यंदाच माळ्यावरून काढलेली रायफल आडवी पडली होती.

दिनानाथने रायफल उचलून नळीत डोकावून पाहिलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्याने तीस वर्षं बंदुकीच्या नळ्या तपासल्या होत्या, पण जनावरावर कधी बार काढला नव्हता. शिकारीला बंदी येऊन पंधरा वर्षं झाली होती. गोळी झाडून बघायची सोय नव्हती. एक बार वाजला की जंगलखातं जागं व्हायचं. म्हणून नेमकी गोळी आधीच ठरायला हवी होती, आणि ती ठरवू शकणारा माणूस शेठच्याच जमिनीवर घर बांधून बसला होता. खरवईतलं ते घर दिनानाथने फंडाच्या पैशातून उभं केलं, पण सातबारा अजून शेठच्या नावावर. खरेदीखताचं विचारलं की शेठ हसायचे. "करू हो. पळून जातोय का मी?"

मागच्या वर्षी शेठच्या अंगणात सोललेली भेकराची मादी त्याने पाहिली होती. तिच्या पोटात पिल्लू होतं. आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. पण शेठला नाही म्हणायची छाती कुठून आणायची? बायको उमा तर म्हणायची, तुम्हाला भाजीवालासुद्धा गळ्यात किडके दोडके मारतो.

त्याने नळी पुसायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, खडूने खूण केली आणि गज नळीत सरकवला. नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचांबरोबर गज फिरू लागला, पण अगदी सावकाश. नळी संपत आली तरी खुणेचा एक फेरा पुरा होईना. पीळ सैल होता. असल्या नळीला आखूड गोळीच हवी. लांब गोळीला पुरती गिरकी मिळत नाही; फेकलेल्या काठीसारखी ती हवेत कोलांट्या खाते आणि कुठे जाईल याचा नेम नसतो.

"हे घ्या," तो म्हणाला, आणि त्याने लांब काडतूस पुढे सरकवलं.

शेठ खूश झाले. घरी येताना दिनानाथला आत कुठेतरी एवढासा आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने कुणाला तरी नाही म्हटलं होतं, तेही हो म्हणता म्हणता.

रविवारी सकाळी जीप दारात उभी. "चला, गोळी तुमची आहे, मान तुमचा!" शेठ ओरडले. न जावं तर संशय. दिनानाथ जीपमध्ये बसला. मागच्या खेपेला शेठने जीपमधूनच शिकार केली होती, यंदाही तसंच असेल असं तो धरून चालला होता. नेम चुकल्यावर शेठ आपल्याकडे कसे बघतील, एवढीच त्याला वाटभर धास्ती.

बारवीच्या अलीकडच्या डोंगरात शेठ एका कातळाआड दबा धरून बसले. दिनानाथला त्यांनी शेजारी बसवलं. लांब काडतूस रायफलीत गेलं. आणि ओढ्यापलीकडच्या चढावर, कारवीच्या रानात, डबे वाजू लागले, आरडाओरडा सुरू झाला.

"हे काय?"

"हाका. जनावर ओढ्याकडे हाकलायला पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं आलीत यंदा," शेठ कुजबुजले.

त्या आरडाओरड्यात गोमाचा आवाज दिनानाथने ओळखला. दर आठवड्याला 'नाना' अशी हाक मारत त्याच्या दारात लाकडाची मोळी टाकणारा गोमा. बरोबर राहीचा आवाज, गोमाच्या बायकोचा. आखूड गोळी असती तर ती ओढ्यातल्या भेकरात गेली असती, नाहीतर मातीत. ही लांब गोळी समोरच्या रानात कुणालाही गाठू शकत होती.

सांगावं तर घर जाणार. डबे जवळ येत होते. एक भेकर ओढ्यात उतरलं, थबकलं, त्याने कान टवकारले. शेठने रायफल खांद्याला लावली.

"थांबा!"

तो आवाज आपलाच आहे हे दिनानाथला उशिरा कळलं. तो नळीसमोर उभा होता. भेकर एका उडीत दिसेनासं झालं.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"ही गोळी या नळीतून सरळ जात नाही, शेठ. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी दिली."

शेठने काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "होळीच्या आत घर रिकामं करा," एवढंच म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

दिनानाथ कातळावर बसून राहिला. जायचं ते गेलं, आता भ्यायचं कशाला, असं त्याला वाटलं. कारवीतून माणसं एकेक करून बाहेर येऊ लागली. गोमा ओढा ओलांडून वर आला आणि त्याने डबा खाली ठेवला.

"नाना, बार का नाय झाला?"

दिनानाथने काडतुसावर मूठ आवळली.

"ऱ्हाऊ द्या," गोमा हसून म्हणाला. "आमी तर येनारच नव्हतो. दोन सालामागं हाक्यात आमच्या जनूच्या कानाजवळनं गोळी गेली, तवाधरनं पाड्यावरचं कुनी येत नाय. औंदा शेठ बोलला, गोळी नानांनी निवडलीय. मंग काय, पोरंबायका समदीच आलो."