समुद्रातल्या ओटिलीचा दगड

पाथरवट ड्यूनवाल्डनं गाडीतल्या दगडावरचं पोतं बाजूला सारलं आणि ओटिलीनं त्यावर स्वतःचं नाव वाचलं. खाली जन्माचं साल, मरणाचं साल, आणि दोनच शब्द: समुद्रात निजली.

कोबी किसता किसता ती तशीच उठून आली होती. मिठानं हात चुरचुरत होते.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"तुझ्या आईनं. पाद्रीबाबांनी टेकडीवरच्या दफनभूमीत जागाही दिलीय," ड्यूनवाल्ड म्हणाला. "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. पण बोटीवरच्या ओटिलीची गोष्ट मिसुरी नदीकाठच्या या द्राक्षमळ्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनहून अमेरिकेला निघालेल्या बोटीवर तीन वर्षांची ओटिली तापानं गेली. शिडाच्या कापडात गुंडाळून तिला पाण्यात सोडलं. निळी टोपी घालायची. खलाशी तिला खांद्यावर घेऊन नाचायचे. कधी हट्ट नाही, कधी उलट उत्तर नाही. पुढच्या वर्षी इथं, ओल्या लाकडाच्या खोपटात, दुसरी मुलगी झाली आणि बापानं तिला तेच नाव दिलं.

या दुसरीची गोष्ट कुणी सांगत नसे. हिनं बशा फोडल्या, तापातून ही वाचली, हिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, आणि भाऊ पश्चिमेला निघून गेल्यावर आईला हिनंच सांभाळलं. संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना कापराचं तेल चोळताना ही निळ्या टोपीची गोष्ट ऐकायची.

ड्यूनवाल्डनं तिच्या तोंडाकडे बघितलं. "आमच्या घरात तीन हाइनरिख," तो म्हणाला. "दोघं मातीखाली, तिसरा मी. होते सवय."

"मला नाही झाली, काका. परत घेऊन जा. आईचं मन बदललं."

"म्हातारी मागच्याच आठवड्यात येऊन अक्षरं चाचपून गेली."

"बदललं म्हणते ना."

त्यानं दगडावर पोतं ओढलं आणि घोडे वळवले.

आई फ्रीडरीका मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिची नजर आता अधू झाली होती, कान मात्र शाबूत होते.

"गाडी भरलेली आली आणि भरलेलीच गेली," ती म्हणाली. "दगड उतरवून घेतला नाहीस."

"माझं नाव आहे त्याच्यावर."

"तिचं आहे."

"हो, तिचंच. नाव तिचं, गोष्ट तिची, आता थडगंही तिचं. मी मरेन तेव्हा माझ्यावर काय कोरणार? हीसुद्धा?"

फ्रीडरीकानं हातातली शेंग खाली ठेवली. "मेलेल्या लेकराचा हेवा करतेस, पोरी?"

"करते. आणि बघ, आताही 'पोरी'च. आजवर एकदा तरी मला नावानं हाक मारलीस? अगं, पोरी, ऐकतेस का. या घरात कोंबड्यांनासुद्धा नावं आहेत."

म्हातारी मांडीवरची टरफलं झटकत म्हणाली, "बोटीवर मी तिला हाका मारत होते. तिला नेलं खलाशांनी, तरी मारत होते. दिवसभर. ओ आली नाही. त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून निघेना. तुझ्या बापानं ठेवलं ते. मला विचारलं असतं तर ठेवू दिलं नसतं."

आईची दया यायला हवी होती. ओटिली त्या दयेची वाट बघत उभी राहिली. पण मनात एकच शब्द अडकून बसला: दिवसभर. तिच्यासाठी दिवसभर. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तरी तो शब्द निघेना. ती आत गेली आणि उरलेला कोबी इतक्या जोरानं किसला की बोटाचं कातडं निघालं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गाडी जुंपली आणि दगड घेऊन आली. ड्यूनवाल्डही मदतीला गाडीत चढून बसला.

दगड शनिवारी सकाळी बसवला. शेजारपाजाऱ्यांना बोलवायचं नाही, असं फ्रीडरीकानंच सांगितलं होतं. लेकीचा दंड धरून ती टेकडी चढली, मध्ये मध्ये थांबत, धापा टाकत. खाली नदीवर धुकं होतं. ड्यूनवाल्डनं दगडाभोवतीची माती पायानं दाबली, फावडं उचललं आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

फ्रीडरीकानं लेकीचा दंड सोडला. एकटी पुढं झाली. दगडावर तळहात ठेवला, मग बोटं अक्षरांच्या खाचांतून फिरवली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. तिनं तोंड उघडलं. आधी नुसता श्वास आला.

"ओटिली," ती म्हणाली.

तो म्हातारीचा आवाज नव्हता. अंगणात खेळणाऱ्या लेकराला तरण्या आईनं जेवायला बोलवावं, तसा होता.

"ओ," मागं उभी असलेली ओटिली म्हणाली.

म्हणायचं नव्हतं तिला. निघून गेलं. तिनं ओठ घट्ट मिटले. कुंपणाशी ड्यूनवाल्डनं टोपी काढून हातात घेतली.

म्हातारीचा हात दगडावर तसाच राहिला. मग ती सावकाश वळली आणि अधू डोळे बारीक करून, आवाज कुठून आला ते शोधू लागली.

"आहेस होय," ती म्हणाली.