सातव्या ट्रेचा पाला

दुपारची शांतता दाराच्या कडीनं मोडली. शिवकन्येनं दार उघडलं, तर रेणुका. खांद्याला पर्स, हातात किल्ली.

"अळ्यांना दोन वाजताचा पाला टाकशील का गं? सासूबाईंना डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय, झरीहून निघाल्यात त्या. दुसऱ्या कुणाच्या हातात अळ्या द्यायची हिंमत होईना."

"सात वर्षं झाली रेणुका. इसरले असेन मी."

"तू अन् इसरशील? अन् तसंबी तू घरीच असतीस की."

शेवटचं वाक्य शिवकन्येला लागलं. तिनं दाखवलं नाही.

"सात नंबरच्या ट्रेला तेवढं जप बाई. त्रेचाळीस डिग्रीतबी खायल्यात अन् वाढायल्यात. सोमवारी दिनकरराव सर बघायला येणारेत. वाण टिकला तर पीएचडी झालीच समज." रेणुकानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "रजिस्टर मात्र उघडू नको. मी आल्यावर भरते. मग तुला एक सांगायचंय."

"आत्ताच सांग की."

"आत्ता न्हाई." ती लगबगीनं गेलीसुद्धा.

दोघी एकाच वर्षी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात संशोधनाला लागल्या होत्या. उन्हाळ्याला टिकणारी रेशीम अळी, हा दोघींचा विषय; वाण मात्र प्रत्येकीचा वेगळा. शिवकन्येचा हात चांगला, असं मार्गदर्शक दिनकरराव सर सगळ्यांसमोर म्हणायचे. मग अर्पिता पोटात राहिली. पाल्याच्या वासानं उलट्या व्हायला लागल्या. एक दिवस ती ट्रे तसेच ठेवून घरी आली, ती परत गेलीच नाही. रेशीम अळीची एक पिढी चुकली की वाण संपतो. आपला केव्हाच संपला असणार, असं ती धरून चालली होती. विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही.

नवरा विद्यापीठातच क्लार्क. क्वार्टरच्या खिडकीतून विभागाची शेड दिसायची. दिवसातून चार वेळा रेणुका पाला घेऊन आत जायची. चारही वेळा शिवकन्या खिडकीशी असायची.

दोन वाजता ती अर्पिताला घेऊन शेडवर गेली. लेकीला बाहेर पायरीवर बसवलं. साबणानं हात धुतले, चुन्यात पाय बुडवले, आत गेली. सहा ट्रेंवर पाला पसरला. हातांना सगळं आठवत होतं.

सातव्या ट्रेशी ती थांबली. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र अळ्या. बाहेर ऊन भाजत होतं आणि या खुशाल पानांच्या शिरा कुरतडत होत्या. तिनं एक तळहातावर घेतली. तिचे थंडगार पाय हाताला चिकटले. हे आपल्याला जमलं असतं, असं तिच्या मनात आलं. मग दुसरं आलं. हे रेणुकाला जमलंय.

"आई, डास चावायलेत," बाहेरून आवाज आला.

अळी ट्रेमध्ये ठेवून ती बाहेर गेली. पिशवीतून डासांच्या मलमाची ट्यूब काढली. लेकीच्या पायांना लावलं, मानेला लावलं, कानामागं लावलं. सगळं लावून झाल्यावर तिनं आणखी थोडं तळहातावर घेतलं आणि ते नुसतंच हातावर जिरू दिलं. या वासानं अळी मरते, हे विभागात पहिल्याच दिवशी शिकवत.

नळ दाराशीच होता. वर पाटी होती. पहिलीत गेल्यापासून अर्पिता दिसेल ते वाचायची.

"हात धु-वून-च आत या. आई, तू न्हाई धुतले."

"धुतलेत मघाशी. बस इथं."

लेकीला डास चावत होते. आईनं मलम लावलं. गडबडीत हात धुवायचे राहिले. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं होतं.

सातव्या ट्रेवर तिनं एकेक पान नीट पसरलं.

मग पायरीवर येऊन ती अर्पिताची वेणी घालत बसली. घातलेली सोडली, पुन्हा घातली. तासाभरानं उठून आत गेली. सातव्या ट्रेवर अळ्या माना वर करून झुलत होत्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. बघून बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.

मागं कागद फडफडला. अर्पिता कधी आत आली, कळलं नव्हतं. खुंटीचं रजिस्टर काढून ती जमिनीवर बसली होती.

"ट्रे नंबर सात," तिनं वाचलं. "वाण को-णा-चा... शि-व-क-न्या." ती खुदकन हसली. "आई, तुझं नाव."

शिवकन्या वाकली. नावाखाली रेणुकाच्या अक्षरात पिढी पहिली, पिढी दुसरी, पिढी तिसरी. पान उलटलं. पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर. छत्तीस पिढ्या, एकही न चुकता.

अर्पिता उठून ट्रेपाशी आली. टाचा उंचावून तिनं आत बघितलं.

"ह्या तुझ्या हायत, तर मंग अशा का करायल्यात गं आई?"